नाटकाला निघालेले देशभ्रतारकाका

देशभ्रतारकाका नाटकाला जायचे आणि तिथं झोपायचे. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी तपकिरी कॉर्डुरॉयचा कोट चढवून, मफलर गळ्याभोवती गुंडाळून ते डार्मश्टाट स्टेशनवरून दक्षिणेकडं जाणारी पॅसेंजर पकडत. हायडलबर्गच्या थोडं अलीकडं एक लहानसं शहर आहे, तिथल्या नगरपालिकेच्या नाट्यगृहात कडेच्या दोन खुर्च्या वर्षानुवर्षं त्यांच्या नावावर होत्या. एकीवर ते बसत, दुसरी रिकामी राही. दिवे मंद झाले, रंगमंचावर कुणीतरी पहिलं वाक्य बोललं, की काकांची हनुवटी हळूहळू मफलरमध्ये बुडायची. घोरत नसत. जर्मन प्रेक्षकांना खोकलासुद्धा चालत नाही, त्यामुळं झोपेतही ते शिस्तीत असत. उजव्या हाताच्या मुठीत मोबाइल घट्ट धरलेला. तो थरथरला तरच जाग यायची.

मी तेव्हा डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात पीएचडी करत होते आणि त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायला आले होते. 2010 नंतरची ती पहिली एकदोन वर्षं. आल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी मी मिक्सर लावला. जर्मनीत रविवारी दुपारी मिक्सर लावायचा नसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दारावरची बेल वाजली. आता तक्रार आली असं धरून मी दार उघडलं, तर समोर कानटोपी घातलेला एक सावळा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस.

"आल्झो," ते जर्मनमध्ये 'तर मग' अशा अर्थानं म्हणाले, "दाण्याची चटणी करून राहिली काय?"

परदेशात दार उघडल्यावर समोर थेट नागपूर उभं असेल, याची तयारी नव्हती.

"बंद नको करू. होऊ दे. खालची बाई बोलायला आली तर मी सांगतो, माझाच मिक्सर होता. फक्त वाटीभर आमच्या हिच्यासाठी देशील काय? वास आला तेव्हापासून बोलून राहिली."

"आमची ही" म्हणजे कुसुमकाकू. चटणी घेऊन खाली गेले तेव्हा त्यांची पहिली भेट झाली. बैठकीच्या खोलीत खिडकीशी दवाखान्यात असतो तसा उंच-खाली होणारा पलंग होता आणि त्यावर काकू उशांच्या आधारानं बसल्या होत्या. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवी बाजू गेलेली. शब्द एकेक करून, ओढून आणल्यासारखे यायचे, पण आलेला प्रत्येक शब्द नेमका असायचा. चटणी जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लसूण कमी. पण चालते."

काका नागपूरहून ऐंशीच्या दशकात आले. मेकॅनिकल इंजिनिअर. गिअरबॉक्सची चाचणी घेण्याचं काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं, खरं तर निवृत्तीच्या थोडं आधीपर्यंत, कारण काकूंना झटका आल्यावर त्यांनी नोकरी सोडली. काकू नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे वडील जलशात पेटी वाजवत गावोगाव फिरत, आणि लहानगी कुसुम त्यांच्याबरोबर बैलगाडीतून. त्यामुळं दिव्याच्या उजेडात उभं राहून कुणी बोलायला लागलं की काकूंचं भान हरपायचं. जर्मनीत आल्यावर त्या भाषेच्या वर्गात रमल्या नाहीत. त्या नाटकातून जर्मन शिकल्या. आधी घरी पुस्तक घेऊन नाटक वाचायचं, शब्द अडला की शब्दकोश, मग जाऊन बघायचं. त्या वेळी ते दोघं त्या लहान शहरातच राहत. तिथल्या नाट्यगृहाचा 'आबो', म्हणजे वर्षभराची वर्गणी, काकूंनी तेव्हा घेतला. पुढं काकांची नोकरी डार्मश्टाटला आली. डार्मश्टाटला चांगलं मोठं नाट्यगृह आहे, घरापासून ट्रामनं जाता येतं. काकूंनी ऐकलं नाही. "तिथं माझी खुर्ची आहे," एवढंच कारण.

काकांना नाटकाचं काहीच नव्हतं. ते बायकोबरोबर जायचे, बस्स. झटक्यानंतर त्यांनी वर्गणी बंद करायचं पत्र लिहायला घेतलं तेव्हा काकूंनी डाव्या हातानं पेन ओढून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही जा. येऊन मला सांगा."

असा तो क्रम सुरू झाला होता.

काका किती दमलेले असत हे त्यांच्या पायऱ्या चढण्यावरून कळायचं. प्रत्येक वळणावर थांबत. मला आधी वाटलं, धाप लागते. नंतर लक्षात आलं, ते कान देऊन ऐकत असत. घरातून काही आवाज येतो का, हाक येते का. रात्री ठरावीक वेळानं काकूंना कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळी सेवासंस्थेची बाई यायची, डानूता नावाची, पोलंडची. ती अंघोळ घालून जायची, नाटकाच्या शनिवारी तेवढी संध्याकाळीही थांबायची. बाकी सगळं काका. पलंगाशेजारी एक आरामखुर्ची होती, त्यांची रात्र त्या खुर्चीत जायची.

"काका, दमत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"थकवा माझा उंटरमीटर आहे," ते म्हणाले. उंटरमीटर म्हणजे पोटभाडेकरू. "मालकाला न विचारता ठेवला. आता काढता येत नाही, कायदा त्याच्या बाजूनं आहे."

असं काही बोलून झालं की ते स्वतः हसत नसत. "पाहून घेऊ," म्हणत आणि उठत. 'पाहून घेऊ' हा त्यांचा पूर्णविराम होता. वीज गेली, पाहून घेऊ. विमा कंपनीनं नवी चाकाची खुर्ची नाकारली, पाहून घेऊ. त्यांचा मुलगा निखिल बर्लिनहून फोन करायचा तेव्हाही शेवट तोच.

निखिलचा फोन आला की काका उभं राहून बोलत. बैठकीच्या खोलीचं दार ओढून घेत आणि पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाशी उभे राहत. निखिल जर्मनीतच वाढलेला. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र जर्मनमधून. त्याच्या घराजवळ बर्लिनमध्ये एक चांगलं शुश्रूषागृह होतं. आईला तिथं ठेवू, पापा तुम्ही आमच्याकडं राहा, असं त्याचं म्हणणं. चिडून नाही, काकुळतीनं. मी एकदोनदा तिथंच होते, फोनमधला आवाज ऐकू येई.

"पापा, दास गेट सो निश्ट वाइटर." असं पुढं चालायचं नाही.

"चालून राहिलं न अजून," काका म्हणत. "तुझ्या आईला मी परक्या माणसांच्या हाती देणार नाही. तिला नाही चालणार ते. पाहून घेऊ."

फोन ठेवून ते दार उघडत. काकू विचारत, "कोण?" आणि काका सांगत, "निखिल. बरा आहे."

नाटकाच्या शनिवारनंतरचा रविवार मला आवडायचा. काकूंच्या पायांचे व्यायाम काका स्वतः घेत, आणि ते घेता घेता कालचं नाटक सांगत. पाय गुडघ्यात वाकवायचा, सरळ करायचा, आणि नाटक पुढं सरकायचं. सगळी माणसं काका नागपूरची करून टाकत. एका नाटकात तीन भाऊ बापाच्या कारखान्यावरून भांडतात असं होतं. काकांच्या तोंडी थोरला भाऊ इंदोऱ्याचा झाला, मधला रेल्वेत लागला, आणि धाकट्याच्या बायकोचं माहेर कामठीला गेलं. मध्यंतरापर्यंत सगळं ठीक चालायचं. मध्यंतरानंतर मात्र गोष्टीत चमत्कार होऊ लागत. त्या दिवशी शेवटी तिन्ही भाऊ एकत्र जेवायला बसले.

काकू छताकडं बघत ऐकत होत्या. म्हणाल्या, "जेवले?"

"जेवले न. बापच वाढायला होता."

"बाप पहिल्या अंकात मेला."

काकांचा हात पायावरच थांबला. "फोटो होता त्याचा," ते म्हणाले. "भिंतीवर."

काकू हसल्या. त्यांचं हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला यायचं, पण तेवढ्या बाजूला पुरेपूर यायचं.

काका कचरा टाकायला खाली गेले तेव्हा मी म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत आहे ना, काका तिथं झोपतात ते?"

"म्हणूनच पाठवते," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांनी दम घेतला, मग एकेक शब्द आणला. "घरी नाही झोपत. खुर्चीत डोळे उघडे. मी कूस हलवली की उभे. तिथं... अंधार, उबदार, कुणी हाक मारत नाही. दोन तास. नाटक मी वाचलेलं असते. यांना झोप पाहिजे." आणि मग बजावलं, "सांगू नको. कळलं तर जाणार नाहीत."

मी सांगितलं नाही. काकूंना नाटक कळावं म्हणून काका जात होते. काकांना झोप मिळावी म्हणून काकू पाठवत होत्या. दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्यासाठी आपण एवढं करतो.

एकदा येताना गाडीतही त्यांना झोप लागली आणि डार्मश्टाट मागं पडून ते फ्रँकफर्टला पोचले. परत येईपर्यंत डानूता खिडकीशी उभी आणि काकू रडवेल्या. त्यानंतर काकूंनी मला बोलावलं. "माझी खुर्ची रिकामीच असते," म्हणाल्या. "तू जा यांच्यासंगं. येताना उठव."

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तो डिसेंबरचा शनिवार होता. दोन दिवस बर्फ पडत होता. आधी सगळ्यांना छान वाटलं, पोरांनी घसरगाड्या काढल्या, आणि मग छान वाटणं संपलं. ट्राम रखडत होत्या, सायकली पांढऱ्या ढिगाऱ्यांत रुतल्या होत्या, दुकानांत मीठ संपलं होतं. मी म्हटलं, आज राहू द्या का? काकांनी बुटांच्या नाड्या बांधत खोलीकडं पाहिलं. आतून आवाज आला, "जा. आजचं चांगलं आहे."

स्टेशनवरच्या फलकावर सगळ्या गाड्यांपुढं उशीर लिहिलेला. आमची पॅसेंजर आली तीही दमलेली दिसत होती, डब्यांच्या खालून बर्फाच्या दाढ्या लोंबत होत्या. आत ओल्या लोकरीचा वास. काका खिडकीशी बसले, मुठीत मोबाइल. मला वाटलं आत्ताच झोपतील, पण झोपले नाहीत. बाहेर डाव्या हाताला टेकड्या आणि द्राक्षाचे मळे असतात, त्या दिवशी ते काहीच नव्हतं. पांढरं होतं, आणि त्यात अधूनमधून एखाद्या घराची पिवळी खिडकी.

निम्म्या वाटेवर एका छोट्या स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. पुढं बर्फाच्या ओझ्यानं झाड रुळांवर पडलं होतं. मग गरम हवा बंद पडली. काकांनी पिशवीतून पावाच्या चकत्या काढल्या. एकीवर लोणी आणि त्यावर ठेचा, दुसरीखाली झाकलेला. मला दिली. थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. स्वतः खाल्लं नाही.

"परत फिरू या," मी म्हटलं. "डार्मश्टाटकडं जाणारी गाडी मिळेल अजून."

"मीही तोच विचार करून राहिलो," ते म्हणाले आणि घरी फोन लावला. "आल्झो, कुसुम, आम्ही परत येतो. गाडी अडकली आहे. ...नाही न, पुढं झाड पडलं. ...अगं, डानूताला उशीर होईल." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. फोन माझ्याकडं दिला.

"त्यांना... आणू... नको," काकू म्हणाल्या. "डानूता राहते म्हणाली. रात्रभर. पुढं जा."

काकूंना काकांची ती दोन तासांची झोप घालवायची नव्हती. मी काकांना म्हटलं, काकू ऐकत नाहीत. ते म्हणाले, "ती कधी ऐकते," आणि बूट आपटून बर्फ झाडून उठले. स्टेशनाबाहेर रेल्वेनं बस आणून उभी केली होती. तिच्यात दाटीवाटीनं उभं राहून, माणूस चालेल त्याहून थोड्याशाच जास्त वेगानं आम्ही पोचलो.

उशीर झाला होता, पण नाटक सुरू झालेलं नव्हतं. कारण नटही सगळे पोचले नव्हते. फिरती मंडळी होती. सामानाची गाडी आणि निम्मे नट सकाळीच आलेले, बाकीचे कुठंतरी महामार्गावर अडकलेले. एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहात आम्ही मूठभर लोक. कोट घेणारी बाई म्हणाली, आज कोट अंगावरच ठेवा, आत गारठा आहे. तिनं काकांना ओळखलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आज दोघं! छान."

मग पडद्याबाहेर एक आडदांड, दाढीवाला माणूस आला. दिग्दर्शक. म्हणाला, सगळे पुढं येऊन बसा. आमची आई आलेली नाही. म्हणजे नाटकातल्या आईचं काम करणारी नटी. ज्यांना जायचं ते जाऊ शकतात. थांबलात तर आईचं काम मी कागदावरून वाचेन. मला अभिनय येत नाही, तेव्हा मी तसा प्रयत्नही करणार नाही.

कुणीच गेलं नाही. बाहेर जाऊन करणार काय?

नाटक साधं होतं. कोळशाच्या खाणीसाठी एक गाव उठवायचं आहे. सगळी घरं रिकामी झाली आहेत, एक म्हातारी राहिली आहे. तिची दोन मुलं आली आहेत. मुलगी म्हणते, आईला माझ्याकडं नेते. मुलगा म्हणतो, आईला हे घर सोडवणार नाही, तिला इथून हलवलं तर ती मरेल, मी खाणवाल्यांशी लढतो. दोघं आईच्या समोर आईबद्दल भांडतात. आई खुर्चीत बसलेली. म्हणजे खुर्चीत तो दाढीवाला, चष्मा लावून, मांडीवर कागद. पहिल्यांदा त्यानं "बाळा, जेवलास का?" असं जाड्या आवाजात वाचलं तेव्हा लोक हसले. तोही थोडा हसला. काकांकडं मी पाहिलं. हनुवटी मफलरमध्ये जायला लागली होती.

पण पुढं पुढं लोक हसेनासे झाले. तो माणूस नुसता वाचत होता. रडत नव्हता, आवाज चढवत नव्हता. मुलं जीव तोडून बोलायची आणि तो कागदावरचं एखादं वाक्य सरळ वाचायचा. आईला वाक्यं होतीच कमी. शेवटाकडं मुलगा ओरडतो, की मी आईसाठी एवढं करतोय, तिच्या मनातलं मला माहीत आहे. त्यावर दाढीवाल्यानं पान उलटलं, ओळ सापडेना, बोटानं शोधली, आणि वाचलं:

"मला कुणी विचारलंच नाही."

पुन्हा एकदा वाचलं, तिथं तसं दोनदा लिहिलेलं असावं. "मला कुणी विचारलंच नाही."

मी शेजारी पाहिलं. काका पुढं सरकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसले होते. डोळे टक्क उघडे. मूठ उघडली होती आणि मोबाइल मांडीवर पडला होता. नाटक संपलं, मूठभर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काकांनी वाजवल्या नाहीत. ते तसेच बसून होते.

उत्तरेकडं जाणारी गाडी सकाळपर्यंत नव्हती. रेल्वेनं फलाटावर अडकलेल्यांसाठी एक डबा गरम करून उभा ठेवला होता, त्यात आम्ही बसलो. काकांनी घरी फोन करून सगळं ठीक आहे ना विचारलं. मग माझ्या पायांवर आपला मफलर टाकला आणि म्हणाले, तू झोप. मला मधूनमधून डुलकी लागत होती. डोळे उघडावेत तेव्हा ते काचेतून बाहेर बघत बसलेले. एकदा म्हणाले, "मेघना, मी गिअरबॉक्सला रोज विचारायचो. सगळे भार टाकून, तापवून, थंड करून. सहन होते काय, नाही काय. माणसाला नाही विचारलं." एवढंच. 'पाहून घेऊ' म्हणाले नाहीत.

सकाळी घरी पोचलो तेव्हा डानूता स्वयंपाकघरात कॉफी करत होती. काकू जाग्याच होत्या. काका आत गेले, मी त्यांची थर्मासची पिशवी ठेवायला दारात उभी.

"झोप झाली?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"नाटक वाईट होतं?"

"चांगलं होतं. पूर्ण पाहिलं."

"पूर्ण?" काकू माझ्याकडं रागानं बघायला लागल्या, जणू मीच काकांना जागं ठेवलं होतं. "एवढ्या बर्फातून गेले, आणि रात्रभर झोपले नाही?"

काकांनी कोटही काढला नव्हता. ते आरामखुर्चीत न बसता पलंगाच्या कडेवर बसले. "कुसुम," ते म्हणाले, "निखिल कधीचा एक गोष्ट म्हणून राहिला. बर्लिनला त्याच्या घराजवळ एक जागा आहे. तुझ्यासाठी. मी त्याला नाही म्हणत आलो. तुला विचारलं नाही. तुला काय वाटते?"

खिडकीबाहेर कुणीतरी फावड्यानं रस्ता मोकळा करत होतं, तेवढाच आवाज.

"दार बंद करून बोलता," काकू म्हणाल्या. "आवाज येतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"कधीचं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणत होते. मला वाटलं, तुम्हाला जमणार नाही. माझ्याविना."

काकूंनी डावा हात सरकवत सरकवत काकांच्या कोटाच्या बाहीपर्यंत नेला. "मला जायचं आहे," त्या म्हणाल्या. "लीनाला बघायचं आहे." लीना म्हणजे निखिलची लहान मुलगी. मग दम घेऊन, एकेक शब्द जागेवर ठेवत: "आणि मला... सकाळी भेटायला येणारा नवरा पाहिजे. रात्रभर जागलेला नको."

काका काही म्हणाले असतील तर मी ऐकलं नाही. डानूतानं मला कॉफीचा कप दिला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती डोळे पुसत होती.

मार्चमध्ये दोघं बर्लिनला गेले. पलंग सेवासंस्थेनं परत नेला, आरामखुर्ची काकांनी स्वतः खाली उतरवून रस्त्याकडेला ठेवली, ज्याला पाहिजे त्यानं न्यावी म्हणून. रुग्णवाहिकेत काकूंना चढवलं तेव्हा त्या लग्नाला निघाल्यासारख्या खुशीत होत्या. नवी निळी साडी अंगावर पांघरली होती. काका मात्र शेवटपर्यंत रिकाम्या खोल्यांतून फिरत होते. दिवे बंद आहेत ना, नळ बंद आहेत ना.

बर्लिनला काकू वर्षभराहून थोडं जास्त राहिल्या. काका रोज सकाळी चालत त्यांच्याकडं जायचे, संध्याकाळी परत. फोनवर सांगायचे, लीना आजीजवळ बसून चित्रं काढते, आजी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये, आणि दोघींचं जमून जाते. काकू गेल्या तेव्हा फोन निखिलनं केला. मी त्याच्याशी जर्मनमध्येच बोलायला सुरुवात केली. तो थांबला आणि म्हणाला, "मेघना, आई गेली." त्याच्या तोंडून ऐकलेलं मराठी तेवढंच.

पुढच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या कामासाठी बर्लिनला जाणं झालं तेव्हा काकांना भेटले. निखिलच्या घरी त्यांची एक छोटी खोली होती. गाल भरले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. मी तसं म्हटलं तर ते ओशाळले.

"झोप लागते," म्हणाले. "डोकं टेकवलं की लागते. रात्रभर. कुणी उठवायचं नाही, काही नाही." जरा वेळानं म्हणाले, "लाज वाटते."

"काकूंना तेच तर पाहिजे होतं."

"हो न," ते म्हणाले. "तिनं शेवटी सांगितलं मला. नाटकाला काहून पाठवायची ते." ते हसले नाहीत, रडलेही नाहीत, नुसते टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं गोळा करत राहिले. "इथं गल्लोगल्ली नाटकं आहेत. निखिल तिकिटं आणतो म्हणतो. मी नको म्हणतो. पाहून येईन, पण मग सांगू कुणाला?"

मला निघायचं होतं. ते पोचवायला खाली आले. रस्त्यावर जुना बर्फ राखाडी होऊन कडेला साचला होता. भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी आम्ही थांबलो. डार्मश्टाटचं काय चाललंय, खालची बाई मिक्सरवरून आता कुणाला बोलते, असं काहीबाही बोललो. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं आलं. बाहेरगावचं असावं, हातात नकाशाचा ओला कागद, म्हाताऱ्याजवळ जड बॅग. त्यांना कुठलासा दवाखाना शोधायचा होता. त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी आधी हात करून दाखवलं. मग नकाशा हातात घेऊन पाहिला, परत दिला. म्हातारीनं काहीतरी पुन्हा विचारलं. काकांनी वाकून म्हाताऱ्याच्या हातातली बॅग घेतली. तो नको नको म्हणत होता. काका माझ्याकडं वळून म्हणाले, "तू जा, तुझी गाडी येईल. मी यांना सोडून येतो."

खालून गाडी आल्याचा वारा जिन्यावर आला, तरी मी थोडी थांबले. ते तिघं अगदी हळू चालले होते. म्हातारी बर्फावर पाय जपून टाकत होती, आणि काका बॅग एका हातात घेऊन, दुसऱ्या हाताचं कोपर तिच्यापुढं धरून, तिच्या पावलानं चालत होते. कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. तिथं रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी तिघं थांबून राहिले. मग हिरवा झाला, आणि ते पलीकडं गेले.